साहेबाच्या बिल्ल्याची पिन

अब्बा,

तो बिल्ला सौदी सरकारचा नव्हता. तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं, मला कळायला पन्नाशी गाठावी लागली. अम्मी गेल्यापासून गावचं घर बंदच असतं. म्हणून गेल्या सुट्टीत मी तिच्या कपाटातून तो काढून इकडे आणला. मीही आता सौदीतच, जेद्दात राहतो आणि जवळच्या इकॉनॉमिक सिटी या नव्या उद्योगनगरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. बिल्ल्याला वर पितळी पट्टी, खाली विटलेली फीत, फितीला टांगलेली चकती, चकतीवर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन बंदुका आणि मधे नेमबाजीचं गोल निशाण. तुमच्या नातीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, थोडा वेळ शोधाशोध केली आणि म्हणाली, "बाबा, ये तो जर्मन में है. लेकिन नीचे अमेरिका का शहर लिखा है." मी म्हटलं, नीट बघ, आपल्या घरी याला सौदीचं मेडल म्हणायचे. "किसने बोला था?" तिनं विचारलं.

बोलली होती अम्मी. तुम्ही सुट्टीवर आलात की तुमची बॅग सगळ्या मोहल्ल्यासमोर उघडायची, हा आपला रिवाजच. तुम्ही दुपारचे आडवे झालेले, बॅगेभोवती बायका बसलेल्या. अत्तरं, कापडं, टँगचे डबे बाजूला होत गेले आणि तळाशी मोज्यात गुंडाळलेला हा बिल्ला निघाला. एवढी चकाकती वस्तू सौदीहून आली म्हणजे तिथल्या सरकारनंच दिली असणार, यात कुणाला शंका वाटली नाही. तुम्ही उठेपर्यंत बातमी जेटीपर्यंत पोचली होती. मी ती शाळेत नेली आणि वर माझ्या पदरची भर घातली की मेडल खुद्द राजानं लावलं. हेडमास्तरांनी तुम्हाला सव्वीस जानेवारीचे पाहुणे म्हणून बोलावलं. तुम्ही नको नको म्हणत होतात, पण मीच अम्मीकडून शर्टाला इस्त्री करून घेतली.

तुम्ही माइकसमोर उभे आहात, हातात बिल्ला आहे. छातीला तो लावलेला नाही. "हे माझं नाय," तुम्ही म्हणता. "आमच्या वर्कशॉपातल्या एका साहेबाचं हाय. याची पिन तुटली होती, ती मी जोडली. माझं काम तेवढंच." मागच्या रांगेत हसू फुटतं. हेडमास्तरांच्या हातातला नारळ तसाच राहतो. मला तिथून पळून जावंसं वाटतं.

घरी आल्यावर मी विचारलं, मग तो तुमच्याकडे कसा? तुम्ही म्हणालात, परत द्यायचाय, कामगारांच्या कॅम्पात वस्तू चोरीला जातात म्हणून घरी ठेवायला आणलाय. मी चौदा वर्षांचा होतो आणि अपमानानं पेटलो होतो. मी म्हटलं, "चोरून आणलात असं सरळ सांगा की." तुम्ही हात उगारला नाहीत. खाली बसलात आणि एवढंच म्हणालात, "माझ्या हाताला असं कोण बोललं नव्हतं." उरलेले अकरा दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही गेलात आणि त्याच वर्षी तिकडेच वारलात. दफनही तिथेच झालं. मेडल सौदी सरकारनं त्या साहेबाला दिलेलं आणि तुम्ही ते उचललेलं, ही शंका मात्र माझ्या मनातून गेली नाही. तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोललं की मला तो मोजा आठवायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

नातीनं मोबाइलवर शोधलेल्या ईमेल पत्त्यावर मी बिल्ल्याचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. जुन्या क्लबांची माहिती जमवणाऱ्या एका बाईंचं उत्तर आलं. जर्मनीतून अमेरिकेत कामधंद्याला गेलेल्या लोकांचा तो नेमबाजीचा क्लब होता. रविवारी बायकामुलांसह जमायचं, निशाण मारायचं, जेवायचं, आपल्या भाषेत पोटभर बोलायचं. वर्षातून एकदा मोठा मेळा भरायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला आठवण म्हणून बिल्ला मिळायचा. वाचताना मला इथल्या शराफिया बाजारात आपली गावाकडची माणसं जमतात तो सुट्टीचा शुक्रवार दिसला, बंदुका तेवढ्या वगळून. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की मागची पिन मूळची नाही, नंतर कुणीतरी फार सफाईनं जोडली आहे, त्यामुळे संग्राहक त्याला कमी मानतील. मी भिंग घेतलं. अब्बा, मीही आता तीस वर्षं हेच काम करतोय. एवढ्या पातळ पट्टीवर धातू न जाळता असा सांधा मला आजही जमणार नाही.

मग मी शराफियात गेलो. तुमच्या वर्कशॉपातले एक फिटर चाचा आता तिथे मुलाच्या दुकानात बसतात. त्यांनी फोटो लगेच ओळखला. "तुजा बापूस येडा होता," ते म्हणाले. "ह्यो बिल्ला साहेबाच्या आज्याचा. पिन लावायला दिला नि साहेब अमेरिकेला सुट्टीवर गेला तो आलाच नाय, तिकडंच आजारी पडला. तुजा बापूस दर महिन्याला हापिसात जायचा, पत्ता द्या, पत्ता द्या. शेवटी आपला मालक, तो कफील, बोल्ला, खलास, ठेव तुज्याकडं. पण ह्यो ऐकंल तर ना." मी दुकानात सगळ्यांदेखत रडलो. चाचांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि साहेबाचं आडनाव आठवून एका कागदावर लिहून दिलं.

तुमची कबर शोधायला मी कबरस्तानात गेलो. इथे कबरीवर नाव नसतं, रखवालदारानं सगळ्या मैदानाकडे हात केला. मी तिथेच उभं राहून फातिहा पढलो आणि माफी मागितली, कुठल्या दिशेला तोंड करून मागायची ते न कळता.

आडनावावरून त्या बाईंनी साहेबाची मुलगी शोधून काढली. साहेब आता नाही, पण ती हयात आहे. तिचा पत्ता दोन महिन्यांपूर्वी आला. तुम्ही असतात तर त्याच दिवशी पार्सल केलं असतंत. मी दोनदा डबा बांधला आणि दोनदा सोडला. तुमच्या हातचं माझ्याकडे या सांध्याखेरीज दुसरं काही नाही. तिला मी अजून कळवलेलंही नाही की बिल्ला माझ्याकडे आहे. तुम्हाला चोर म्हणणारा मीच होतो, अब्बा, आणि दुसऱ्याची वस्तू दाबून बसलोय तोही मीच.