एक काम थिजत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

नोकरीचा पहिला दिवस, आणि बसमध्ये चक्क खिडकीची जागा! कंपनीची बस पावणेसातला काळेवाडी फाट्यावर येते. रहाटणीतल्या माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटं. भोसरीपर्यंत डुलक्या, मोशीनंतर जरा गार वारा, चाकणच्या चौकात पाऊण तास ट्रॅफिक, की आली कंपनी. हिंजवडीतली नोकरी गेल्यापासून आई औशाहून रोज फोन करून 'कुठनं बोलावणं आलं का' विचारायची. आज पहिल्यांदाच तिनं डब्यात काय नेलं ते विचारलं.

गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबणारी कंपनी. मोठी शेड, सहा प्रेस. चार नंबरचा प्रेस दुमजली घराएवढा आहे. तो चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सांभाळायचं काम माझं. मॅनेजर कुलदीप सर स्वतः शेडभर फिरवायला आले. गोड बोलतात, दर वाक्याला दोनदा 'मॅडम'. माझं कंट्रोलचं टेबल भिंत आणि प्रेस यांच्या बेचक्यात आहे. बाहेर पडायचं तर प्रेससमोरच्या पिवळ्या पट्ट्यातूनच जावं लागतं. असू दे, जागा निवांत आहे.

झाडलोट करणाऱ्या चिमाबाईंनी विचारलं, तू काय करणार बाई? म्हटलं, मशीनला झोपवायचं आणि उठवायचं. खो खो हसल्या. "म्हंजी पाळण्याची दोरीच हाय की तुज्या हातात!" त्या कुरुळीच्या. म्हणतात, त्यांची बाजरी याच शेडखाली होती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दुखणं समजलं. हा कॉम्प्युटर पहिल्यापासून चालू करायला अकरा मिनिटं लागतात, म्हणून कुणीतरी त्याला झोपायला शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत हलकी झोप: सगळं बंद, फक्त मेमरीपुरती वीज सुरू. शिफ्ट संपली की गाढ झोप: मेमरीत असेल ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं आणि वीज तोडायची. सकाळी ती प्रत परत मेमरीत चढवली की झालं. मशीनच्या दृष्टीनं मधे रात्र झालेलीच नसते.

पण रोज सकाळी उठल्या उठल्या चार नंबर अडून बसतो. म्हणतो, समोर माणूस उभा आहे, मी चालणार नाही. दहा-बारा मिनिटांनी आपोआप गप्प होतो. मशीनच्या पायाशी एक लेसर स्कॅनर आहे. पिवळ्या पट्ट्यात कुणी शिरलं की त्याला कळतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर बघतो, म्हणजे त्याला माणूस दिसतो तो घोट्यापुरता. आज सकाळचा त्याचा नकाशा मी स्क्रीनवर काढला. दोन ठिपके, शेजारी शेजारी, प्रेसपासून तीस सेंटिमीटरवर. समोर तर कुणीच नव्हतं.

कारण सोपं असणार. झोपेतून उठल्यावर प्रत्येक यंत्राला नव्यानं विचारायला हवं, काय दिसतंय म्हणून. इथं कर्नल जुनीच आठवण खरी धरून चाललाय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल गुरुवार, आठवड्याची सुट्टी. परवा संध्याकाळी दुरुस्ती बसवली होती: उठलास की आधी स्कॅनरला विचार. आज मोठ्या उत्साहानं उठवलं.

दोन ठिपके. पन्नास सेंटिमीटरवर.

स्कॅनरची काच पुसली, तरी तेच. कुलदीप सर म्हणाले, मॅडम, मागच्या इंजिनिअरनंही यातच महिना घालवला, तुम्ही फक्त ती सूचना बंद करून टाका. मी म्हटलं, सर, ती सूचना बंद केली तर खरा माणूस असला तरी प्रेस खाली येईल. ते हसले. त्यांचं हसणं मला आवडलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

स्कॅनरची केबल काढून हातात धरली आणि मशीन उठवलं. केबलचं टोक माझ्या हातात. स्क्रीनवर दोन ठिपके. ऐंशी सेंटिमीटर.

आठवण जुनी असेल तर ती तिथंच राहायला हवी. ती पुढे कशी येते?

बुधवार, १२ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये मी आणि चिमाबाई दोघीच होतो. चार नंबर हलक्या झोपेत. अचानक पंखा घुमला, स्क्रीन उजळली. आम्ही दोघी मशीनपासून लांब, कँटीनच्या दाराशी.

कर्नल कशानं जागा झाला याची नोंद ठेवतो. जाऊन बघितलं. नोंदीत लिहिलं होतं: स्कॅनर. म्हणजे समोरून कुणीतरी गेलं. केबल मी सोमवारपासून जोडलेलीच नाही.

एक मीटर दहा.

चिमाबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही काय झालं म्हणून. फक्त पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. यांना काहीतरी ठाऊक आहे. कुलदीप सरांनाही आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नोंदी वेगळ्या सर्व्हरवर जातात. पाच महिन्यांच्या नोंदी बसून वाचल्या. नीट लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

गाढ झोपेआधी कर्नल चालू असलेल्या प्रत्येक कामाला जागच्या जागी थिजवतो. सगळी थिजली तरच मेमरीची प्रत काढता येते. वीस सेकंद वाट बघतो, एखादं काम ऐकत नसेल तर झोपेचा बेत रद्द. इथं रोज संध्याकाळी तेच होतंय. रोज एक ओळ: 'एक काम थिजत नाही.' त्या कामाच्या नावाची जागा कोरी.

म्हणजे नवी प्रत निघतच नाही. शिफ्ट संपली की वीज तरीही तोडली जाते, आणि सकाळी कर्नलला डिस्कवर जी शेवटची प्रत सापडते ती तो चढवतो. एकदा वापरलेली प्रत रद्द व्हायला हवी, ती का होत नाही ते मला कळलेलं नाही. ती प्रत आहे १७ जूनची. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. भर शिफ्टमध्ये, प्रेसचा ठोकळा अर्ध्यावर असताना कुणीतरी हातानं गाढ झोपेचं बटण दाबलंय.

चार नंबर पाच महिने रोज सकाळी १७ जूनच्या अकरा चाळीसलाच जागा होतोय. माझी दुरुस्ती त्याच्या मेमरीत नाहीच. ती एकदाही चालली नाही. नोंदींत ठिपके मात्र या महिन्यापर्यंत तीस सेंटिमीटरवरच आहेत, आता का हलायला लागले ते कळत नाही.

त्या दिवशी चार नंबरवर भीमराज नावाचा ऑपरेटर होता. सरांना सहज विचारलं, भीमराज कोण? म्हणाले, होता एक, काम सोडून गेला. मग म्हणाले, मॅडम, तुम्हाला जुन्या नोंदी बघायची परवानगी कुणी दिली?

संध्याकाळी बसमध्ये सर माझ्या मागच्या सीटवर होते. ते रोज स्वतःच्या गाडीनं जातात.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सर्व्हरचा माझा पासवर्ड चालत नाही. बरं झालं, मला हवं ते वहीत उतरवून घेतलं होतं. १७ जून, अकरा सदतीस: स्कॅनरची सूचना बंद केली, कुलदीप सरांच्या नावानं, कंट्रोलच्या टेबलावरून. अकरा एकोणचाळीस: प्रेस खाली. अकरा चाळीस: झोप.

आता तेच टेबल माझं आहे.

चिमाबाईंना कँटीनमागे गाठलं. पहिल्यांदा न्हाई न्हाई केलं. मग हळूच म्हणाल्या, पत्रा अडकला होता. मशीन थांबवून काढला तर तासाचा माल बुडतो, म्हणून सर त्याला म्हणाले, चालू मशीनवरच काढ, मी हितं बसलोय. "मला बोलवून म्हनले, तेल सांडलंय, धुऊन काढ. तीनदा धुतलं बाई. तेल न्हवतं ते."

अॅम्ब्युलन्स भोंगा न वाजवता आली होती.

भीमराज चिमाबाईंच्या डब्यातली भाकरी खायचा. त्याच्या आईचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. तो मी घेतला.

एक साठ.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कौशल्याबाईंना फोन केला. रेणापूरच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. मी औशाची म्हटल्यावर मोकळ्या झाल्या. कंपनीनं सांगितलं की, भीमराज जेवणाच्या सुट्टीत मोटारसायकलवरून बाहेर गेला आणि हायवेवर ट्रकखाली आला. त्याला तर मोटारसायकल चालवताच येत नव्हती, त्या म्हणाल्या. पण मोठ्या माणसांशी कोण भांडणार?

त्याला कापडात गुंडाळून आणला होता. "वरचं उघडू दिलं नाही मला. मी पायावरूनच वळखलं बाई लेकराला. पाय तेवढे धड होते."



मला स्कॅनरमध्ये काय दिसतंय ते मी त्यांना सांगितलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. म्हणाले, उद्या सुट्टी आहे, शेड रिकामी असेल, येऊन ती जुनी प्रत पुसून टाका. मशीन पहिल्यापासून चालू होईल, कटकट मिटेल. माझ्या नावावर तेवढी परवानगी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. मग शांतपणे विचारलं, मॅडम, हिंजवडीतून काढलं तेव्हा घरी किती महिने बसला होता?

मी हो म्हणाले.

पुसणार नाही. प्रत काढून घेणार. ती प्रत हाच साक्षीदार आहे.

आज एक नव्वद. पिवळा पट्टा दोन मीटरवर संपतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळी साडेदहा

शेडमध्ये चिमाबाई आणि मी. वॉचमन गेटवर. सरांचा पासवर्ड टाकून, त्यांच्याच नावानं कॉम्प्युटरमध्ये शिरले. डिस्कवरची प्रत आणि सगळ्या नोंदी पेनड्राइव्हवर घेतल्या, पाऊण तास लागला. प्रत पुसलेली नाही. पेनड्राइव्ह चिमाबाईंना दिला. लेबर ऑफिसातल्या साहेबांचं नाव आणि कौशल्याबाईंचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी दोन्ही कनवटीला खोचलं. सांगितलं, माझी वाट बघू नका, अकराच्या बसनं पुढं व्हा. त्या गेल्या.

मलाही जायचं होतं. पण मनात आलं, पाच महिने बिचारा त्या पट्ट्यात आहे. सगळं थिजलं, हाच एकटा थिजला नाही. आता कुठे रोज उठून अर्धं पाऊल टाकतो, की वीज जाते. आणखी एकदा उठवलं तर पट्ट्याबाहेर पडेल. सुटेल.

अकरा वाजून दहा

उठवलं. दोन मीटर पाच. पिवळ्या पट्ट्याबाहेर. उठल्या उठल्या प्रेसचा दिवा हिरवा झाला. पहिल्यांदाच.

मी रडले. मोठ्यानं म्हटलं, भीमराजदादा, जा आता घरी.

अकरा अठरा

ठिपके गेलेले नाहीत.

स्कॅनरला पट्ट्यापलीकडचंही दिसतं, पाच मीटरपर्यंत. दोन मीटर साठ. शेडचं दार डावीकडे. ठिपके डावीकडे वळले नाहीत.

टेबल चार मीटरवर आहे.

अकरा तेवीस

झोपवायला बघितलं. वीस सेकंद. एक काम थिजत नाही.

परत. एक काम थिजत नाही.

मेन स्विच प्रेसच्या पलीकडे. दाराकडे जायचं तर त्याच्या अंगावरूनच—

तीन मीटर.

अकरा एकतीस

वॉचमनला फोन केला. उचलत नाही. सरांचा फोन आला, प्रत पुसली का? मी सांगितलं, इथं कुणीतरी आहे. त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. फोन ठेवला.

त्यांना माहीत होतं. म्हणून स्वतः येत नाहीत. म्हणून मला—

तीन तीस.

अकरा पस्तीस

आत्ता लक्षात आलं. तो रोज अकरा चाळीसलाच जागा होतो. त्याच्यासाठी पाच महिने गेलेलेच नाहीत. आत्ताच प्रेस खाली आलाय. आणि टेबलावर तोच बसलाय ज्यानं सूचना बंद केली.

स्क्रीनच्या कोपऱ्यात नाव आहे. कुलदीप.

लॉगआउट करायचा प्रयत्न करतेय, बटणं ऐकत नाहीत—

तीन साठ.

अकरा अडतीस

त्याच्या आईचं नाव घेतलं. मोठ्यानं. कौशल्याबाई, रेणापूर. ठिपके थांबले. खरंच थांबले. सांगितलं, मी औशाची आहे, तुझ्या आईशी बोलले, आता जून नाही, नोव्हेंबर आहे, तिनं तुला पायावरून ओळखलं—

पाय म्हणताच पुन्हा निघाला.

तीन ऐंशी.

फरशीवर काही दिसत नाही. तेलाचा वास येतोय. तेल नाही हे.

मी तो नाही. दादा, मी कुलदीप नाही, हे बघ, माझे हात, माझी वही, माझं नाव तनु