समोरच्या घराची चौकशी

नागभीड
९ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप मनसारामभाऊंस,
कुंताचा शि. सा. न. वि. वि.

पियुषच्या वर्षाच्या कार्याला तुम्ही अहेरीहून एवढ्या लांब आलात, दिवसभर त्याच्या फोटोपाशी बसलात, त्याचा आम्हा दोघांना आधार झाला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहिलेलं तुमच्या घरची पोरं मोठ्यानं वाचून दाखवतात. म्हणून हे पत्र.

एक गोष्ट त्या दिवशी मुद्दाम सांगितली नाही. पिंटू परत आला आहे. वर्षभर बल्लारपूरला मामाकडे होता, आता समोर बापाच्या, पोचूभाऊच्या घरीच राहतो. पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला गेलेल्या माझ्या पोराला ज्याच्या टेम्पोनं उडवलं, तो मी अंगण झाडताना समोर दिसतो. केस चालूच आहे. टेम्पो विकला म्हणतात. तो घराबाहेर फारसा पडत नाही, पण आहे हे कळतं. त्याची आई आता एक ताट जास्त घासते.

मोठ्या शहरात असतो तर कोर्टाच्या तारखेलाच तोंड दिसलं असतं. इथं नळ एक, रेशनचं दुकान एक. लोकांनी आमच्यासाठी त्या घराशी बोलणं सोडलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मी चक्कीवर गेले की सीताबाई, म्हणजे पिंटूची आई, दळण तसंच ठेवून निघून जाते. मग चक्कीवाला तिचा डबा मागे सारून माझा आधी घेतो. मला ते नको असतं, तरी डबा पुढं करते. हे तर कोणाशीच बोलत नाहीत. पोचूभाऊ आणि हे वीस वर्षं एका डोंग्यातून तलावावर जाळं टाकत होते. आता हे फक्त धानाच्या बांधीवर जातात आणि परत येतात.

वहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

आपली,
कुंता

अहेरी
२० जानेवारी २०२४

चि. कुंता हिले,
मनसारामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुहं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तो पोट्टा समोर राह्यते अन् तू आंगण झाडतेस, हे वाचून मले जेवण गेलं नाई. तुही वहिनी विचारत होती काऊन जेवत नाई म्हणून. मी सांगतलं, पोट जड आहे.

माहं ऐक. घर विका अन् इकडे या. मांगच्या दोन खोल्या खालीच आहेत. तुह्या अंगणवाडीच्या नोकरीची बदली होत नाई हे मले माहीत आहे, पण पोटापुरतं काही तरी होईन. मुखरू जवाईले लाकडाच्या डेपोवर सांगून लावून देतो, वनखात्यातले जुने लोक अजून मले ओळखतात.

आता तू म्हणशीन का अहेरी तरी कोणतं मोठं शहर आहे. नाई आहे. माह्या कानातलं मशीन बंद पडलं हे मले समजाच्या आधी बाजारातल्या भाजीवालीले समजलं. ती खुणा करून भाव सांगते अन् जास्तच सांगते. पण इथं तुले पाहून कोणी चूप होणार नाई. इथं तू फक्त मनसारामची बहीण.

विचार कर. तब्येतीले जप. मोठ्या भावाचा लोभ आहे तो आहेच, त्याचं वेगळं काय लिहू.

तुहा,
मनसाराम

नागभीड
१९ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

घर विकण्याचं यांच्याजवळ काढलं. हे उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. पोचूभाऊच्या आचलला आरमोरीचं स्थळ आलं आहे. आचल म्हणजे पिंटूची धाकटी बहीण, तुम्ही तिला लहान असताना पाहिली आहे. रविवारी मुलाचे वडील आणि आत्या चौकशीला आले. आपल्यात रीतच आहे, मुलगी बघायच्या आधी शेजाऱ्यांना विचारायचं. त्यांनी चहाच्या टपरीवर विचारलं, किराणावाल्याला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, की समोर कुंताबाईला विचारा, ती सांगेल तेच आमचं.

ते दोघं माझ्या दारात आले तेव्हा भिंतीवरचा पियुषचा हार घातलेला फोटो त्यांना दिसला. आत्या मला म्हणाली की बाई, आम्हाले अर्धं समजलं आहे, अर्धं तुम्ही सांगा, माणसं कशी आहेत. भाऊ, मी चुलीवर भात आहे म्हणाले. त्यांनी समजून घेतलं. शिवरात्र झाली की पुन्हा येतो म्हणाले.

तेव्हापासून सीताबाईच्या घरात रेडिओ लागलेला नाही. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस माझ्या दाराकडे पाहून जातो. यांना विचारलं तर म्हणाले, तुला जे वाटेल ते सांग, मी त्यात नाही. तुम्ही मोठे आहात. काय सांगू ते लिहा. उत्तर लवकर धाडा, आणि मनात आम्हाला असंच जवळ ठेवा.

आपली,
कुंता

अहेरी
२७ फेब्रुवारी २०२४

चि. कुंता,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र आजच भेटलं अन् आजच लिहून राह्यलो.

तू खोटं बोलू नोको. कोणाची निंदाबी करू नोको. फक्त इतलंच म्हण का मले काही माहीत नाई. समोरची शेजारीण असं म्हणते म्हटल्यावर ते लोक आपोआप समजतीन अन् आरमोरीचा रस्ता धरतीन. चूप बसणाऱ्याले कोणी पापी म्हणत नाई.

तुले हे कठोर वाटन. वाटू दे. आपल्या घरात आता लग्न होणार नाई, कुंता. पियुषच्या लग्नात मी नवा सदरा शिवीन म्हणून कापड घेऊन ठेवलं होतं, ते तसंच पेटीत आहे. त्याहीच्या दारात मांडव काऊन पडावा? पोरीचा दोष नाई, हे मले समजते. पण आपल्या पोराचा कोणता दोष होता?

तुहा,
मनसाराम

नागभीड
१४ मार्च २०२४

तीर्थस्वरूप भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शिवरात्रीच्या आधीच मिळालं होतं. तुम्ही सांगितलं तसंच करायचं मनाशी धरलं होतं. रागावू नका, मला ते जमलं नाही.

ते दोघं आले, बसले. मी म्हणाले, मला काही माहीत नाही. आत्या लगेच उठली नाही. तिनं विचारलं की पोरीचा भाऊ दारू पिते का. भाऊ, नुसती मान खाली घातली असती तरी पुरलं असतं. सगळ्या नागभीडनं खरं मानलं असतं. पण आचल माझ्याच अंगणवाडीत होती. तिला मी माझ्या हातानं खिचडी भरवली आहे. पियुषच्या शेजारी बसायची आणि त्याची पाटी पुसून द्यायची. मान खाली जाईना.

मी सांगितलं की नाही, पीत नाही. रात्रभर मासे पोचवून जागा होता, चाकावर डोळा लागला. माझं पोर गेलं ते त्याच्या झोपेनं गेलं. पण तो पळाला नाही. त्यानंच पियुषला उचलून दवाखान्यात आणलं, आणि लोक मारत होते तेव्हा हात वर केला नाही. आई-बाप कष्टाचे आहेत. पोरगी सोन्यासारखी आहे, डोळे मिटून करा. एवढं बोलले आणि म्हणाले, आता पुढं मला काही विचारू नका.

आत्यानं जाताना माझे हात धरले. सोयरीक ठरली. संध्याकाळी सीताबाई आली. उंबऱ्याच्या आत आली नाही, बाहेरच बसून रडायला लागली. मी तिला सांगितलं की तुझ्यासाठी बोलले नाही, घरी जा. ती गेली. मला वाईट वाटलं की बरं, ते अजून कळत नाही.

आपला राग उतरला की दोन ओळी लिहा.

आपली,
कुंता

अहेरी
३० मार्च २०२४

चि. कुंता,
आशीर्वाद. वि. वि.

राग आला होता. आठ-पंधरा दिवस कागदाले हात लावला नाई. तुह्या पत्राच्या आधीच बातमी इथं आली होती, कापडवाल्यानं सांगतलं का नागभीडच्या बाईनं पोराले मारणाऱ्याले माफ केलं, देवीच आहे. ती देवी माही बहीण आहे, हे मी त्याले सांगतलं नाई.

तू बरं केलं का वाईट, मले समजत नाई. माह्याच्यानं झालं नसतं, इतलं खरं. लग्नाच्या दिवशी घरी राहू नोको. इकडे निघून ये. येशीन तर बसस्टँडवर उभा राहीन.

तुहा,
मनसाराम

नागभीड
२५ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बोलावलंत, पण मी आले नाही. माझ्याच घरातून मी काऊन पळू, असं वाटलं.

आधी एक सांगते. मी माफ केलेलं नाही. बाजारात बाया माझ्या पाया पडू लागल्या तेव्हा मला चीड आली. आधी लोक कीव करत होते तेच बरं होतं. जूनमध्ये साक्ष आहे. त्याला झोप लागली होती, हे मी तिथंही सांगणार आहे. होईल ती शिक्षा होवो.

लग्न रविवारी झालं. आम्ही गेलो नाही. बोलावणं द्यायला पोचूभाऊ आले होते, पत्रिका पायरीवर ठेवून गेले. दिवसभर दार लोटून बसलो. दुपारी पाठवणीला बँड निघाला आणि आमच्या कोपऱ्यावर आपोआप वाजायचा थांबला. कोणी थांबवलं नव्हतं. सगळी वरात पायांचा आवाज न करता आमच्या दारावरून जायला लागली. ते ऐकून मला राहवेना. दार उघडलं.

आचल गाडीपाशी उभी होती. मला बघून धावत आली, पायांवर पडली, उठेना. मी तिला उठवलं. पिंटू कुठे आहे विचारलं. तिनं मागं पाहिलं. तो दूर विजेच्या खांबामागं उभा होता, बहिणीला निरोप द्यायलाही पुढं आला नव्हता, कारण मधे माझं दार होतं. मी प्रथमच त्याला नीट पाहिलं. पियुषहून दोन वर्षांनी मोठा, पण चाळिशीचा दिसतो. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मी आचलला म्हणाले की भावाला बोलाव, भावाशिवाय पोरगी वाटेला लावत नाहीत. तो आला. माझ्यासमोरून मान खाली घालून गेला, बहिणीला गाडीत बसवलं. मी त्याच्याशी बोलले नाही.

मग घरात येऊन दार लावलं आणि रडले. पियुष गेल्यापासून अशी रडले नव्हते, भाऊ. तेव्हा सगळे रडत होते आणि मी नुसती बघत होते. माझा आवाज रस्त्यावर ऐकू जात असावा, कारण बाहेर गाडी सुरू होईना, माणूस हलेना. सगळे तसेच उन्हात उभे.

तेव्हा हे उठले. सव्वा वर्षात रस्त्यावरच्या कोणाशी एक शब्द न बोललेला माणूस दार उघडून बाहेर गेला. बँडवाल्यांना म्हणाले की बाबांनो, पोरगी सासरी चालली आहे, वाजवा. ते तयार होईनात, तर हे तिथंच उभे राहिले, ते वाजवायला लागेपर्यंत.

मी आतून ऐकत होते. गाडी स्टेशनच्या रस्त्याला लागली तरी आवाज येत होता.

घर विकत नाही. तुम्हीच या, आंबे उतरले की. वहिनींनाही आणा. आमच्यावर रागावलात तरी चालेल, दूर करू नका.

आपली,
कुंता