आमचा घासलेला रुपया

डोंबिवली पूर्व,
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

ती. साडूबुवा परशुरामराव,

घोडबंदर रोडच्या एकविसाव्या मजल्यापर्यंत पोहोचेल इतका वाकून नमस्कार. तुमची शुगर आटोक्यात असेल आणि नीलाताईंचा गुडघा कुरकुरत नसेल अशी आशा आहे. इकडे मी आणि मेघना ठीक आहोत. पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे बादल्या उचलून व्यायाम आपोआप होतो. पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही आणि फॅमिली ग्रुपवर मी चार ओळी लिहिल्या की तुम्ही त्यावर हसरा चेहरा चिकटवून मोकळे होता. कागदावर ती सोय नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

विषय रुपयाचा आहे. आपल्या दोघांच्या लग्नात अप्पांनी सीमांतपूजनाला जावयाचे पाय धुऊन हातावर एकेक चांदीचा रुपया ठेवला होता, पंचम जॉर्जचा, दोन्ही एकाच सालचे. तुमचा हळद उतरायच्या आत बँकेच्या लॉकरमध्ये गेला, आमचा देवघरात आला. पुढच्या महिन्यात कल्याणला अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तेव्हा दोन्ही रुपये तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे, प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालायचे आणि हॉलमध्ये मखमलीवर शेजारी शेजारी मांडायचे, ही कल्पना तुमची. तुमचा आधीच तपासून आला होता आणि डबीवर सत्तरपैकी त्रेसष्ट असा आकडा होता, हे मात्र कल्पना मांडताना तुमच्या तोंडून निसटलं नाही. (मला ते तुमच्या स्टेटसवरून कळलं. मागे सनई लावली होती.)

मी भोळा माणूस, ठाण्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनात रुपया घेऊन गेलो. बरोबर मेघना होती, कारण वडिलांनी दिलेली वस्तू ती माझ्या एकट्याच्या खिशात सोडत नाही. तिथल्या पोराने डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "अंकल, याला घासलंय का?" मी तोंड उघडायच्या आत मेघना फुलली. तिला वाटलं कौतुक चाललंय. तिने त्याला सगळी कृती सांगितली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दंतमंजन, त्याने काळेपणा गेला नाही तर रांगोळी, मग लिंबाची फोड, मग जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि राजाच्या दाढीत मंजन अडकलं तर लहान मुलाचा ब्रश. "एक दिवाळी चुकवली नाही," असं वर सांगितलं. त्या पोराने भिंग खाली ठेवलं आणि तो मेघनाकडे असा बघत राहिला की मला पाणी मागवावंसं वाटलं. ती मात्र घरी येईपर्यंत खूश होती.

रुपया तपासून डबी आली ती बिनआकड्याची. चिठ्ठीवर फक्त "अस्सल, साफ केलेले". परशुरामराव, नापास पोरालाही मार्क सांगतात हो. आणि गुन्हा काय, तर स्वच्छता. देवापुढे ठेवायची वस्तू घासली म्हणून आकडा कापणारी माणसं स्वतःच्या घरी ताम्हन कशी ठेवत असतील ते मला एकदा जाऊन बघायचं आहे. यावर तुमचा सल्ला आला की डबी फोडून रुपया पुन्हा तपासायला द्या, दुसऱ्या वेळी दुसरा माणूस बघतो, एखादा सोडून देतो. शिवाय देण्याआधी आठवडाभर खिडकीत ठेवून जरा काळवंडू द्या. हे शेवटचं वाक्य मी मेघनाला वाचून दाखवलं आणि दोन दिवस मला आमटीत मीठ मिळालं नाही.

आता माझं ऐका. मी सारा जन्म वागळे इस्टेटमध्ये इन्स्पेक्शनला काढला. रिजेक्ट केलेला माल तेल फासून दुसऱ्या शिफ्टला पुन्हा टेबलावर आणणारे बहाद्दर मी पुष्कळ पाहिले. माल तोच, फक्त साहेब वेगळा. अशांना मी गेटपर्यंत पोहोचवून आलोय. तेच धंदे मी या वयात सासऱ्यांच्या रुपयावर करू? नाही करणार. आमच्या रुपयाने इतक्या दिवाळ्या हळदकुंकू लावून घेतलंय, तुमच्याने अंधारात बसून त्रेसष्ट मिळवले. हॉलमध्ये दोन्ही शेजारी ठेवा, खुशाल ठेवा. सगळे नातेवाईक तुमचा आकडा वाचतील आणि मग माझ्या डबीकडे वळून गप्प होतील. तिथे मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू, अप्पांसमोर तर फारच वाटेल. पण पुन्हा तपासणी नाही. हा माझा शेवटचा शब्द.

नीलाताईंना नमस्कार, त्यांच्या बाल्कनीतल्या टोमॅटोंना आशीर्वाद.

तुमचा बिनआकडी साडू,
रवींद्र

ता. क. प्रदर्शनातल्या वरच्या माणसांशी तुमची ओळख आहे असं नीलाताई म्हणाल्या. सहज विचारतो, कार्यक्रमाच्या आत दुसऱ्या तपासणीचं होऊ शकेल का? नाव तुमचं लावा. साठसुद्धा नको, पन्नास चालतील. मेघनाला बोलू नका.

ता. क. २. वरचा ता. क. रद्द. मी पाकीट आणायला खाली गेलो तेवढ्यात मेघनाने पत्र वाचलं. रागावली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाली, "अप्पांना आता आपण कोण ते आवाजावरून कळतं. ते तुमचा आकडा वाचणार आहेत का?" आणि तिने सरळ कल्याणला फोन लावून त्यांनाच विचारलं. अप्पा म्हणाले, "वाजवून दाखव." डबीतून रुपया कसा वाजणार? मेघनाने खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि दोन घावांत डबी फोडली. (पहिला घाव ओट्याला लागला.) मग फोन खाली धरून रुपया ओट्यावर टाकला. खणखणीत वाजला. अप्पांनी आणखी एकदा टाकायला लावला. मग म्हणाले, "हा मी दिलेलाच." मी डबीचे तुकडे गोळा करून केरात टाकले.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "परशुरामरावांचा कधी ऐकवताय?" मी सांगितलं, येत्या रविवारी. तुमच्याकडे सगळं मिक्सरमध्ये होतं, तेव्हा बत्ता मी घेऊन येतो.