दाजींच्या गाडीतली बारीक नळी

आदरणीय दाजींस साष्टांग नमस्कार. (घाईत लिहितोय, अक्षराकडे कानाडोळा करावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इथे आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे परवापर्यंत तरी होतो.

बदलीवर जाताना तुम्ही बजावलंत, आठवड्यातून एकदा गाडी फिरव आणि टर्बोच्या दाबाच्या काट्यावर लक्ष ठेव. मी इतकं लक्ष ठेवलं की रस्त्यावर ठेवायला उरलंच नाही. काटा गुणी होता. चढावर एकच्या खुणेपर्यंत जायचा आणि थांबायचा. परवा मात्र पुलाच्या चढावर जरा पाय दाबला, तर टर्बो शिट्टी मारत सुटला, काटा लाल पट्ट्यात घुसला, गाडी उधळली आणि दुसऱ्याच क्षणी तिचा दम गेला. मागे खडीने भरलेला ट्रक! दाजी, त्याचा हॉर्न अजून कानात वाजतोय.

तुमच्या मेकॅनिकला मी 'एका मित्राची गाडी' म्हणून विचारलं. (मला मित्र नाहीत हे त्याला ठाऊक असावं, असं पाहिलं त्याने.) तो म्हणाला, "टर्बो धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबतो. त्याच्यापासून झडपेपर्यंत एक बारीक रबरी नळी असते. दाब पुरे झाला की झडपेला तिच्यामुळेच कळतं, मग ती जास्तीचा धूर बाहेरच्या बाहेर सोडते. नळी निघाली की झडपेला पत्ताच नाही, दाब चढतच जातो. शेवटी गाडीच घाबरून ताकद तोडते. मित्राला सांगा, एक दिवस इंजिन हातात येईल."

तेव्हापासून मी गाडीला हात लावलेला नाही.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. नळी मीच काढली. इंजिन पुसताना ती उगीच लोंबतेय असं वाटलं, आणि माझ्या माशांच्या टाकीच्या पंपाला नेमकी तेवढीच हवी होती. मासे मजेत आहेत.

आणखी ता. क. खरी विनंती अशी, की रविवारी ताई तुम्हाला स्टेशनवरून आणायला हीच गाडी घेऊन याच पुलावरून येणार आहे. तिला खरं सांगायची माझी छाती नाही, आणि तिला काही झालं तर मी जगू शकणार नाही. तेव्हा 'बसनेच येतो' असा फोन करावा.

शेवटचा ता. क. मी पाकिटासाठी डिंक शोधत होतो, तेवढ्यात ताईने पत्र वाचलं. टाकीतली नळी ओढून काढली आणि चालत मेकॅनिककडे गेली. अर्ध्या तासात परत येईल. दाजी, बसचं राहू द्या, पत्र मिळताच निघा. इथे दाब चढतोय आणि घरातली एकुलती एक झडप बदलीच्या गावी बसली आहे.