बिस्किटांच्या कपाटाला कुलूप

धाकट्या भावास ताईचा भरभरून आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, एक गुडघा सोडला तर. वहिनीचा खोकला गेला का?

एका घरी पोरं सांभाळायचं काम चालू आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीत चार वर्षांच्या पोरीनं बापाचं पिस्तूल उशीखालून काढलं आणि स्वतःच्याच पायात गोळी घातली. वाचली बिचारी. मग आम्ही वस्तीतल्या बायकांनी घरोघर फिरून बंदुकीला लावायची तारेची कुलपं फुकट वाटली.

काल बघते तर मालकिणीनं ते कुलूप बिस्किटांच्या कपाटाला लावलेलं! आणि तिच्या घरातलं पिस्तूल खणात मोज्यांखाली, तसंच. विचारलं तर हसून म्हणते, "मावशी, पोरं बिस्किटं फार चोरतात हो!" शिसारी आली मला. म्हटलं, "बाई, बिस्किटं खाऊन कोणी मरत नाही. कुलूप जागेवर लागेल तेव्हाच मी येईन." चपला घातल्या नि निघाले.

पण वाटेत माझीच मला किळस आली. लोकांच्या घरात नाक खुपसते, आणि तुझी बंदूक दाराआड खुंटीला भरलेली असते, त्यावर दहा वर्षं गप्प बसले. तुला राग येतो म्हणून. आता येऊ दे बाबा खुशाल राग.

सोबत एक कुलूप पाठवते. आधी गोळ्या काढ. मग तुझ्या छकुलीला खुंटीखाली उभं करून हात वर करायला सांग. तिची बोटं नि बंदूक यांत किती अंतर उरलं, ते वहिनीच्या हातानं मला लिहून पाठव.

तुझी,
ताई