गांधार, एक सेंट इकडे-तिकडे

९ एप्रिल
साहेबराव पेटी टाकून गेले. चौदाला छावणीत जयंतीचा कार्यक्रम. वीस वर्षं त्यांच्या गायन पार्टीची पेटी मीच जुळवतो. यंदा सोबत त्यांच्या जावयाचा, सुयशचा कीबोर्ड. म्हणाले, अप्पाराव, दोन्ही जुळले तर ठीक, नाहीतर पुढच्या साली पेटी बंद. हसलो. आठवी नापास माणसानं नुसत्या कानावर दुकान उभं केलंय. दोन लगतच्या सुरांत शंभर सेंट. लोकांना पाच-सहाचा फरक चालतो. मला एक नाय चालत.

१० एप्रिल
तानपुऱ्यावर पेटीचा गांधार लावला. दोन सुरांत लहर नाही, थरथर नाही. मध.
सुयश मोबाईल घेऊन आला. ॲप म्हणे, चौदा सेंट उतरलाय. म्हटलं, कीबोर्ड चढलाय. म्हणाला, काका, जगातले सगळे कीबोर्ड? म्हटलं, व्हय, सगळे.

११ एप्रिल, सकाळी
तत्त्व सोडणार नाही.
दुपारी
साहेबरावांचा फोन. तत्त्व थोडं सोडलं. गांधाराच्या रीडचं, आतल्या पितळी जिभेचं, टोक कानशीनं घासलं, सूर चढला.
संध्याकाळी
ऐकवेना. बुडाशी घासून उतरवला. सत्यभामा म्हणाली, पितळ हाय ते, मुळा नाय किसायला. हिला सुरातलं कळत नाही.

१२ एप्रिल
चढवला. उतरवला. सात सेंटवर तडजोड केली. दोन्हीकडून वाईट. जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
रीड तुटली. रविवार, दुकानं बंद. शेवटी ज्या पेटीवर धंदा शिकलो तिचा गांधार उपटला. घासत, ओठांत धरून फुंकत कीबोर्डाला आणला. ॲप: एक सेंट! रीड फडक्यात ठेवून चहा घेतला. मग पेटीचे स्क्रू आवळले. वाजवून बघितली नाही. कान पक्का असला की गरज नसते.

१४ एप्रिल
पहिली रांग. पहिल्याच गाण्यात गांधार आला. डोळे भरले. सत्यभामेला कोपरानं ढोसलं, ऐक, हा माझा. वीस वर्षांत असा लागला नव्हता. पेटी वाचली.

१५ एप्रिल
सुयश पेटी परत घेऊन आला. म्हणाला, काका, गांधाराची पट्टी दाबली की नुसती हवा. साहेबरावमामांनी सुरुवातीलाच पेटीचा माइक बंद केला, नुसती बोटं फिरवली. सूर सगळा कीबोर्डचा. पुढच्या साली पेटी नको म्हणालेत.
म्हटलं, शक्यच नाही.
सत्यभामेनं बाकावरचं फडकं झटकलं. रीड फरशीवर पडली, टण्ण. तिनं विचारलं, हा कोणता हो सूर?
म्हटलं, माहीत नाय.