वाटणीचा विश्वास

४ फेब्रुवारी

चि. पंडितास, अ. उ. आ.

तुझं पत्र आणि छापून आलेला लेख, दोन्ही पोचलं. लेख धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत वाचला. चर्चच्या उद्याच्या पाळकांना शिकवणाऱ्या माणसाने एवढी लांबलचक वाक्यं लिहावीत का रे? शेजारी बसणाऱ्या बाईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, भाऊ फार हुशार दिसतो, काही म्हणता काही कळलं नाही.

मला मात्र एक गोष्ट कळली आणि ती डोक्यातून जाईना. तू लिहिलंस, माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, कामं करून नव्हे. मग माझं कसं व्हायचं? हे गेल्यापासून माझ्यात विश्वास म्हणून उरलेला नाही. देवावर राग नाही, रुसवाही नाही. प्रार्थनेला बसते तेव्हा समोर भिंत असते, बस्स. दिवसभर दवाखान्याच्या चादरी उकळायच्या, घरी येऊन सासूबाईंना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, भरवायचं. त्यांचं सगळं अंग लुळं पडलंय, जीभ तेवढी शाबूत आहे, आणि ती किती शाबूत आहे ते तुला ठाऊक आहेच. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, सून असावी तर अशी. मी ऐकून घेते.

आता खरं सांगते, ओरडू नकोस. पाळक दर महिन्याला घरी येऊन आम्हां दोघींना प्रभुभोजन देतात. कायम घाईत. पावाचा एक तुकडा सासूबाईंच्या तोंडात, एक माझ्या हातात, प्रार्थना, आणि निघाले. माझा तुकडा मी खात नाही. विश्वास नसताना कोणत्या तोंडाने खाऊ? टाकवतही नाही. म्हणून ते जिना उतरले की तोही सासूबाईंनाच चहाबरोबर भरवते. प्रभूच्या मेजावर दुप्पट जेवणारी आमच्या मंडळीत ही एकटीच.

तर पंडिता, मी आत आहे की बाहेर, एवढं कळव. तब्येतीला जप.

तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. पवित्र तुकडा चहाबरोबर? पण ओरडत नाही.

ताई, विश्वास म्हणजे भावना नव्हे. मन सुन्न झालं म्हणून विश्वास गेला असं होत नाही. बायबलात पौल म्हणतो, कामांवर कुणी तरत नाही. याकोब म्हणतो, कामं नसलेला विश्वास मेलेला. दोघांचं भांडण आहे असं पुष्कळांना वाटतं, पण नाही. झाड जिवंत असलं की फळ येतं. तुझ्या हातून एवढी सेवा घडते, म्हणजे आत झाड आहेच. तेव्हा तू आत आहेस, तुकडा निःशंक खा.

यायचं फार मनात आहे, पण परीक्षा तोंडावर आल्या आहेत. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा पंडित

२ मार्च

चि. पंडितास, अ. उ. आ.

झाडाचं पटलं नाही. आमच्याकडचं धुण्याचं यंत्रही दिवसभर काम करतं. त्याच्या आत काय आहे ते मी झाकण उघडून पाहिलंय, नुसता पट्टा आहे. माझंही तसंच. सकाळ झाली की हात चालू होतात.

तुझं पत्र सासूबाईंनी मोठ्याने वाचायला लावलं. चहाची ओळ मी गाळायला गेले, तर म्हणाल्या, गाळू नकोस, मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, बोलले असते तर तू तो तुकडा चिमण्यांना घातला असतास.

मग म्हणाल्या, तुझ्या भावाने त्या याकोबाचं सांगून माझी झोप उडवली. मी अशी लाकडासारखी पडलेली, माझ्या हातून एक माशीसुद्धा हाकलली जात नाही, मग माझा विश्वास मेलेलाच म्हणायचा? मी त्यांची उशी नीट केली.

तेव्हा त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. माझ्या वाटणीची कामं तू करतेस, तुझ्या वाटणीचा विश्वास मी ठेवते, आणि हे त्याला चालत नसेल तर वर गेल्यावर मी बघून घेईन. एवढं बोलून चहा निवलाय म्हणून मला फैलावर घेतलं.

असं चालतं का रे? तुमच्या शास्त्रात बसतं का हे?

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बसत नाही. ज्याचा विश्वास त्याचाच, तो उसना देता येत नाही, असंच मी वर्गात शिकवतो. तेच लिहायला बसलो होतो. पण मग शुभवर्तमानातली ती गोष्ट आठवली. चार माणसं एका लुळ्या माणसाला खाटेसकट उचलून आणतात आणि छप्पर उसकटून प्रभूपुढे सोडतात. प्रभू त्या चौघांचा विश्वास बघतो आणि त्याला क्षमा करतो. खाटेवरच्याला काय वाटत होतं, ते कुणी विचारतही नाही.

तुझ्या घरी सगळंच उलटं, खाटेवरची बाई चालत्या बाईला उचलून नेतेय. मला उत्तर येत नाही, ताई. सासूबाईंना सांग, निश्चिंत झोपा. आठवण असू दे.

तुझा पंडित

२९ मार्च

चि. पंडितास, अ. उ. आ.

सासूबाई गुरुवारी पहाटे गेल्या. शनिवारी दफन झालं. तुझ्या परीक्षा म्हणून आधी कळवलं नाही.

बुधवारी पाळक येऊन गेले. सासूबाईंची वाचा आदल्या दिवशीच गेली होती, घोटभर पाणीही उतरत नव्हतं. तुकडा ओठांशी नेला तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. पाळकांना वाटलं, शुद्ध नाही. तुकडा बशीत ठेवून प्रार्थना केली आणि ते गेले. बशीत एक, माझ्या मुठीत एक. मी पाण्यात भिजवून भरवायला गेले, तर माझ्यावर डोळे वटारले. तीच नजर, जिने लग्नानंतर मला घासलेली भांडी पुन्हा घासायला लावली होती.

मला समजलं. आधी त्यांच्या वाटणीचा खाल्ला. त्यांची एवढी कामं केली, त्यात आणखी एक. मग माझा. मी गिळेपर्यंत त्या बघत होत्या, नंतर डोळे मिटले.

मला काही वाटलं असं तुला वाटायला नको. कोरडा पाव होता, घशात अडकला.

लोक येऊन जातात. म्हणतात, एवढी सेवा केलीस, तुझी जागा वर ठरलेली. मी मान हलवते. धुलाईघरातून घरी येते, आणि करायला काही नसतं. कामं संपली, आणि जो काही विश्वास होता तो त्या बरोबर घेऊन गेल्या.

येत्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन आहे. तबक माझ्यापुढे येईल आणि या खेपेला माझ्यासाठी विश्वास ठेवणारं घरात कुणी नाही. लेख पाठवू नकोस, समजावूही नकोस. मला पुन्हा जमेपर्यंत माझ्या वाटणीचा तू ठेवशील का?

तुझी ताई